केळशीकरांची वीस मिनिटं

डॉ. श्रीनिवास केळशीकर गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली, आणि तीही फराळाच्या ऑर्डरींच्या मधोमध. वर कुणाला तरी दोन पौंड भाजणीची चकली हवी होती, खाली कुणी अनारशांची चौकशी करत होतं, आणि मध्ये ‘अत्यंत दुःखद’ अशी सुरुवात करून तीन ओळी. हार्ट अटॅक, पिस्कॅटवेच्या राहत्या घरी, सकाळी. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मग दहा मिनिटांनी अनारसेवाल्या बाईंनी आपला प्रश्न पुन्हा टाकला, कारण हातांच्या गर्दीत तो वर सरकून गेला होता. मी तेव्हा एडिसनला ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. मी रडले वगैरे नाही. पहिल्यांदा जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते... मला राग आला. हा माणूस माझ्या उत्तरासाठी थांबलासुद्धा नाही, असं वाटलं. कारण त्याच फोनमध्ये, त्या ग्रुपच्या जरा खाली, डॉक्टरांचा स्वतःचा व्हॉइस मेसेज होता, सतरा दिवसांपूर्वीचा. तो मी दोनदा ऐकला होता आणि उत्तर दिलं नव्हतं. विसरले म्हणून नाही, मुद्दाम. त्यांनी मला एक गोष्ट विचारली होती. ती मला एका वाक्यात सांगता आली असती, आणि ते वाक्य मी त्यांच्यापासून एकोणीस वर्षं लपवून ठेवलं होतं.

मंडळाने शोकसभा घेतली. हॉल दोन तासांसाठीच मिळाला होता, त्यामुळे शोकही दोन तासांतच आटोपायचा होता. अध्यक्षांनी डॉक्टरांना ‘द्रष्टा’ म्हटलं. हेच अध्यक्ष डॉक्टर बोलायला उभे राहिले की पार्किंगमध्ये जाऊन फोनवर बोलत बसायचे. एका गृहस्थांनी सांगितलं की केळशीकरांनी समुद्रातल्या वनस्पतीपासून औषध शोधून काढलं. त्यांनी कसलंही औषध शोधलेलं नव्हतं. दुसऱ्या एका काकूंना त्यांचा ‘साधेपणा’ आठवला. डॉक्टरांच्या लॅब कोटावर त्यांचं नाव रेशमी धाग्याने भरलेलं होतं आणि कोटाला रोज इस्त्री लागायची, हे काकूंना कुठून माहीत असणार. जुन्या कंपनीतून एचआरच्या एक बाई पडद्यावर आल्या. त्यांनी आडनावाचे तीन वेगवेगळे उच्चार केले आणि एकही बरोबर आला नाही. मग चहा आणि समोसे. इथल्या मराठी साप्ताहिकाच्या पुरवणीच्या संपादकांनी तिथेच मला गाठलं आणि म्हणाले, “माधवीताई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंत, काहीतरी हृद्य लिहा ना.” मी हो म्हटलं. मी काय लिहिणार आहे हे त्यांना माहीत असतं तर त्यांनी दुसरा समोसा घेतला असता आणि मला विचारलं नसतं.

डॉक्टर अगार बनवत. हॉलमधल्या निम्म्या लोकांना अगार म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्यांनी ते पुडिंगमध्ये घालून खाल्लं होतं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. समुद्रातलं लालसर शेवाळ उकळायचं, गाळायचं, थंड झालं की त्याची जेली धरते, ती गोठवून आणि वितळवून पाणी काढायचं, वाळवायचं. एवढंच. ‘चायना ग्रास’ हा शब्द मात्र डॉक्टरांसमोर काढायची सोय नव्हती. कुणी काढला तर ते डोळे मिटून घ्यायचे, जसं काही त्यांच्या पायावर कुणी पाय दिलाय. कुठल्याही पार्टीत ते पहिल्यांदा गोडाच्या टेबलाशी जात, यजमानीणबाईंच्या पुडिंगवर चमच्याची पाठ हलकेच दाबत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, “ढिसाळ आहे.” खात मात्र नसत. माझ्या घरी ते पाच वेळा जेवायला आले आणि पाचही वेळा माझं पुडिंग ढिसाळ निघालं. सहाव्या वेळी मी गुलाबजाम केले.

आमची पहिली भेट इंटरव्ह्यूमधली. पिस्कॅटवेला, युनिव्हर्सिटीपासून दहा मिनिटांवर, खाद्यपदार्थांना लागणारी द्रव्यं बनवणारी एक लहानशी कंपनी होती आणि डॉक्टर तिथे संशोधन विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते स्वतः, एक फ्रीज आणि दोन गाड्यांच्या गराजएवढी एक खोली. मी नागपूरची एम.एस्सी., नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नऊ वर्षं घरात बसलेली, नुकतंच वर्क परमिट मिळालेली. त्यांनी माझा बायोडेटा दोन बोटांत धरला आणि विचारलं, “नागपूर. समुद्र पाहिलाय का कधी?” मी म्हटलं, पाहिलाय. “पाहिलाय म्हणजे सहलीला गेला असाल,” ते म्हणाले. ते स्वतः रत्नागिरीचे. समुद्र जणू त्यांच्या सातबाऱ्यावर होता. गंमत म्हणजे शेवाळाचा वास त्यांना सहन होत नसे. चिलीहून आणि इंडोनेशियाहून वाळलेल्या शेवाळाच्या गाठी यायच्या, त्या फोडायच्या दिवशी रत्नागिरीचे दर्यावर्दी वरच्या मजल्यावर बसून ईमेल लिहायचे आणि नागपूरची बाई खाली कोपरापर्यंत शेवाळात. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘घाटेबाई’ म्हटलं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत.

आता त्यांचं काम सांगते, कारण ते खरोखर चांगलं होतं आणि हे मान्य करताना मला त्रास होतो. आमच्याकडे यायचं त्या जातीच्या शेवाळाचं अगार नुसतं उकळून काढलं तर लिबलिबीत निघतं. म्हणून आधी ते कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात कित्येक तास ठेवतात. सोड्याने त्याची जेली घट्ट धरते. पण सोडा भरपूर लागतो, नंतर तो मारायला अ‍ॅसिड लागतं, आणि ते सगळं खारट, जळजळीत पाणी कुठेतरी सोडावं लागतं. डॉक्टरांनी वर्षानुवर्षं खपून एक रीत बसवली. सोडा निम्म्याहून कमी, वेळ कमी, तापमान जरा वेगळं. मग वीस मिनिटं धुवायचं, मोजून थोडं अ‍ॅसिड घालायचं, आणि उकळायचं. सोड्याच्या आणि तापमानाच्या भागावर त्यांनी अकरा पानं लिहिली होती. धुण्यावर एक ओळ होती: वीस मिनिटं, वाहत्या पाण्यात. मी एकदा विचारलं, “डॉक्टर, वीसच का?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “घाटेबाई, धुणंभांडी हा माझा विषय नाही. वीस पुरतात.”

वीस पुरत नव्हती. पहिली बॅच मी अक्षर न अक्षर त्यांच्या कागदाप्रमाणे केली, गळ्यात त्यांनी दिलेलं स्टॉपवॉच अडकवून. अगार पिवळट निघालं आणि बोट लावलं की फुटत होतं. त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं की एम.एस्सी. मी स्वतः केली की कुणाकडून करवून घेतली. दुसऱ्या बॅचला मी स्टॉपवॉच खिळ्याला टांगलं. नागपूरला आमच्या घरी जाड कपडे, चादरी, सतरंज्या धुण्याच्या सोड्यात भिजवत आणि ते खळबळायचं काम माझ्याकडे असे. किती पाणी बदलायचं असं आई कधी सांगत नसे. ती माझा हात हातात घेऊन बोटांवर बोट फिरवायची. बुळबुळ असली की म्हणायची, अजून आहे सोडा. मी तेच केलं. शेवाळाचे गुंते हातांनी सोडवले, पाणी बदललं, तसंच थोडं भिजत ठेवलं, पुन्हा बदललं. आतल्या गुंत्यात सोडा दडून बसतो, वरून वाहून गेलेलं पाणी लिटमसच्या कागदावर तपासलं तर अगदी निर्दोष दिसतं, आणि उकळताना तो बाहेर येतो. जाड ग्लोव्हजमधून बुळबुळ कळत नाही. म्हणून शेवटच्या पाण्यांना मी ग्लोव्हज काढून ठेवत असे. हे नियमाच्या साफ विरुद्ध होतं. त्या बॅचची जेली अशी धरली की चमचा आपटला तर आवाज यावा. डॉक्टरांनी चमच्याची पाठ दाबली, पुन्हा दाबली, आणि म्हणाले, “बघा. कागद नीट वाचला की होतं.”

मी त्याच दिवशी सांगणार होते, अगदी तोंडावर आलं होतं. पण ग्लोव्हजचं सांगितलं तर लेखी वॉर्निंग मिळेल ही भीती होती, नोकरी नवी होती, म्हणून म्हटलं, जरा जम बसू दे. मग पुढच्या बॅचेसही चांगल्या निघत गेल्या. कंपनीने डॉक्टरांना एक लाकडी फळी दिली, तिच्यावर पितळी पत्रा, पत्र्यावर नाव. आणि फळीपाठोपाठ मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमात त्यांचा सत्कार केला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, नवरा आणि मुलगी शेजारी. डॉक्टरांनी शाल सावरली आणि माइकवर सांगितलं, “माझी पद्धत इतकी सोपी आहे की आमच्या घाटेबाईंनासुद्धा ती जमते.” लोक हसले. माझा नवराही हसला, सवयीने. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, तिने विचारलं, “आई, इज ही टॉकिंग अबाउट यू?” मी हो म्हटलं. तिथे, त्या खुर्चीवर बसून, मी ठरवलं की या माणसाला मी हे मरेपर्यंत सांगणार नाही. कुणाच्या मरेपर्यंत, ते तेव्हा ठरवलं नव्हतं.

पुढची वर्षं मी मजेत काढली, खोटं कशाला बोला. डॉक्टर पाहुण्यांना खोली दाखवायला आणत, सोड्याच्या टाकीपाशी पाऊण तास बोलत, आणि धुण्याच्या टबाजवळून जाताना म्हणत, “अँड हियर वुई जस्ट रिन्स.” मी टबात हात घालून उभी असायची आणि मनात म्हणायची, बोला, बोला. त्यांच्या अकरा पानांची सगळी इज्जत माझ्या दहा बोटांत आहे, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. या एका गोष्टीवर मी सकाळी सकाळी उठून आनंदाने ड्राइव्ह करत कामावर जायचे. त्यांना कुणाची किंमत नव्हती आणि मला त्यांची. याला लोक उत्तम टीमवर्क म्हणत.

चार वर्षांपूर्वी मिनेसोटातल्या एका मोठ्या कंपनीने आमची लहान कंपनी गिळली. डॉक्टरांची पद्धत त्यांना मोठ्या प्रमाणावर करायची होती, म्हणून डॉक्टर तिकडे ईडन प्रेरीला गेले. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, इथेच राहिल्या. मला इथल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये टाकलं, मी टेबलाशी बसून कागद तपासू लागले. दोन महिन्यांनी पहिला फोन आला. “घाटेबाई, आपल्याकडचं पाणी जड होतं का हो?” मी म्हटलं, नगरपालिकेचंच होतं, डॉक्टर. मग थर्मामीटर कुठला वापरायचो ते विचारलं. मग सोडा कुठल्या कंपनीचा यायचा. मग टब प्लास्टिकचा होता की स्टीलचा. दर आठवड्याला एक प्रश्न. तिकडे मोठ्या ड्रममध्ये मशिनने धुत होते, बरोबर वीस मिनिटं, आणि अगार पिवळं निघत होतं, फुटत होतं. अ‍ॅसिड वाढवलं की आणखी फुटायचं. मला फोनवरच सगळं कळत होतं, टबापर्यंत चालत जायचीही गरज नव्हती. एकदा त्यांनी मला स्पीकरवर घेतलं. खोलीत कुणी तरुण मॅनेजर होता, त्याने मला हाय केलं आणि विचारलं की तुमच्या आणि आमच्या प्रोसेसमध्ये काही डिफरन्स आहे का. मागे डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, “आय जस्ट फॉलोड डॉक्टर केळशीकर्स प्रोसीजर. जे लिहिलंय तेच.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ टेबलावरचे कागद सरळ करत बसले. मला वाटलं होतं तसं गोड लागलं नाही. पण पुन्हा फोन करून खरं सांगण्याइतकं कडूही लागलं नाही... म्हणजे मी कशी आहे ते बघा. वर्षभरात त्यांनी पद्धत बंद केली आणि डॉक्टरांना रिटायर केलं. इथे जे चांगलं अगार मिळायचं, ते तपासतानाच बहुधा चूक झाली असावी, असं कुणीतरी रिपोर्टात लिहिलं. म्हणजे मोठमोठ्या शब्दांत केळशीकर खोटे ठरले, किंवा मूर्ख. परत आले ते बारीक होऊन आले. मंडळाच्या कार्यक्रमांना येत, गोडाच्या टेबलाशी जात, पण चमचा दाबत नसत. लोकांना हे सुधारल्याचं लक्षण वाटलं. “केळशीकर आता बरेच मवाळ झालेत,” असं अध्यक्षच म्हणाले. माणूस मोडला की मंडळाला तो आवडू लागतो. मला मात्र त्या न दाबलेल्या चमच्याकडे बघवत नसे, आणि मी लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळत असे.

त्यांनी घरच्या गराजमध्ये पुन्हा सुरुवात केली आहे, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. इरा ओक ट्री रोडवर भेटली तेव्हा वैतागून सांगत होती, “मावशी, द होल हाउस स्मेल्स लाइक लो टाइड. आय कान्ट ईव्हन पार्क माय कार.” मी हसले. त्यांना वासाची किळस होती, आणि आता स्वतःच्या घरात शेवाळ शिजवत होते. मला वाटलं, बसा आता करत. त्यानंतर सहा महिन्यांनी तो मेसेज आला. आवाज त्यांचाच, पण मध्ये मध्ये थांबणारा. “घाटेबाई... केळशीकर बोलतोय. एक विनंती होती. तुम्हाला जमेल तेव्हा एकदा गराजमध्ये याल का? थोडं शेवाळ सोड्यातून काढून ठेवलंय. तुम्ही धुता कसं, ते मला बघायचं आहे.” मग कुठेतरी नळ गळत असल्याचा आवाज, आणि मेसेज संपला. त्या माणसाच्या तोंडून ‘विनंती’ हा शब्द मी प्रथमच ऐकला. त्यांना कळलं होतं. मी तो मेसेज पुन्हा लावला, आनंदासाठी. मग फोन ठेवून दिला. मी एकोणीस वर्षं थांबले, त्यांना थोडं थांबू दे, दिवाळीनंतर जाऊ, असा माझा बेत होता.

शोकसभेनंतर तीन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला. त्यांच्यामागे इराने गराज रिकामं करायचा तगादा लावला होता, पण एक डबा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्हीच सांगा, असं त्या म्हणाल्या. मी गेले. गराज म्हणजे आमच्या जुन्या खोलीची हुबेहूब नक्कल होती, फक्त एका भिंतीला बागेच्या खुर्च्या टांगलेल्या. वहिनींनी जुन्या फ्रीजमधून झाकणाचा डबा काढला. त्यावर टेप लावून डॉक्टरांच्या त्या सरळसोट अक्षरात लिहिलेलं होतं: घाटेबाई येईपर्यंत हात लावू नये. सिंकसमोर दोन स्टुलं होती. एक त्यांचं, वर उशी बांधलेलं. दुसरं नवं, अजून पायांना दुकानाचा कागद.

“त्यांच्या कसं लक्षात आलं?” मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, “डिशवॉशर बिघडला होता हो. मला पाठ धरली होती, म्हणून भांडी ते घासत होते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पहिल्यांदा. घासता घासता थांबले आणि नळाखाली नुसता हात धरून उभे राहिले. मला म्हणाले, सुनंदा, हे इतका वेळ बुळबुळीत लागतं का गं? म्हटलं, लागतंच, धुवावं लागतं. तर तिथेच स्टुलावर बसले. भांडी तशीच. मग म्हणाले, मी त्या बाईंना काय काय बोललो.”

वहिनी साध्या आवाजात पुढे सांगत होत्या, त्यांना मला टोचून बोलायचं नव्हतं. “तुम्हाला मेसेज केला त्या दिवसापासून फोन घेऊन इथेच बसायचे. मी म्हटलं, मी करते माधवीताईंना फोन. तर नाही म्हणाले. म्हणाले, त्या मुद्दाम येत नाहीयेत. मी एकोणीस वर्षं विचारलं नाही, त्यांना महिनाभर तरी रागावू दे. हक्क आहे त्यांचा.”

लोकांना नावं ठेवण्यात माझा जन्म गेला. मंडळाला, अध्यक्षांना, समोसे खात रडणाऱ्यांना, आणि सगळ्यात जास्त या माणसाला. त्या वेळी त्या गराजमध्ये मला फक्त स्वतःची शिसारी आली, आणि ती मोठी होती. त्यांनी मला अपमानाने वागवलं हे खरंच आहे, त्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण त्यांना निदान कळत नव्हतं की ते काय करताहेत. मला कळत होतं. ईडन प्रेरीच्या त्या खोलीत, स्पीकरवर, मी एक वाक्य बोलले असते तर एका माणसाचं आयुष्यभराचं काम खरं ठरलं असतं. ग्लोव्हज काढल्याची वॉर्निंग मिळेल, हे कारण मी स्वतःला किती वर्षं सांगत आले. सुरुवातीला ते खरं होतं. पण तोवर ती लहान कंपनीच राहिली नव्हती, वॉर्निंग देणार कोण होतं?

मी बाह्या वर केल्या. इतक्या दिवसांनी त्या शेवाळाचं अगार काही धड निघणार नव्हतं, ते मला डबा उघडताच कळलं. वहिनींना सांगितलं नाही. आधी ग्लोव्हज घालून दोन पाणी बदलली, मग ते काढले. नव्या स्टुलावर मी बसले. वहिनी उशीच्या स्टुलावर बसल्या, खिळ्याला टांगलेलं स्टॉपवॉच काढलं आणि बटण दाबलं. मी बघितलं तेव्हा म्हणाल्या, “त्यांनी सांगून ठेवलं होतं. ताई धुवायला लागल्या की बटण दाबायचं आणि मधे एक शब्द बोलायचा नाही.” मी गुंते सोडवत होते, पाणी बदलत होते. वासाने मला ती खोली आठवली, टबाशेजारून जाणारा तो इस्त्रीचा कोट, अँड हियर वुई जस्ट रिन्स. वीस मिनिटांनी घड्याळ वाजलं, त्यांनी ते तसं लावून ठेवलं असणार. माझी बोटं अजून बुळबुळीत होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. घड्याळ वाजून वाजून आपोआप बंद झालं आणि आम्ही तशाच बसून राहिलो. आणखी तितकाच वेळ गेला असेल. मग मी वहिनींचा हात पाण्यात घेतला आणि त्यांच्या बोटांवर बोट फिरवलं. त्या म्हणाल्या, “आता करकरीत लागतंय.”

मग त्यांनी वही आणून दिली. डॉक्टरांची वही, मी आयुष्यात कधी तिला हात लावला नव्हता. पानामागून पान प्रयोग. पाणी बदलून पाहिलेलं, थर्मामीटर बदलून पाहिलेला, टब, सोडा, तापमान, मी फोनवर ज्या ज्या प्रश्नांना ‘तेच होतं, डॉक्टर’ म्हटलं होतं ते सगळं एकेक करून तपासून खोडलेलं. शेवटच्या पानावर शीर्षक होतं: धुण्याची क्रिया, माधवी घाटे यांच्या पद्धतीने. प्रत्यक्ष पाहून लिहिणे. माझं पूर्ण नाव त्यांनी कधी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याखाली एक ते सात असे आकडे घालून, प्रत्येक आकड्यापुढे जागा सोडून ठेवलेली. नेहमीसारखाच फाजील आत्मविश्वास, न बघताच ठरवून टाकलं की माझ्या कामाच्या सात पायऱ्या असणार. किंवा कदाचित त्यांना वाटलं असेल, इतकी वर्षं जे साधलं नाही त्याला निदान सात पायऱ्या तरी असतीलच.

मी हात पुसले आणि पहिल्या आकड्यापुढे लिहिलं: हाताला बुळबुळ लागायची थांबेपर्यंत धुवावं. वहिनी माझ्याकडून पेन घेऊन म्हणाल्या, “आणि पुढचं?” पुढे काही नव्हतं. बाकीचे सहा आकडे तसेच रिकामे आहेत.